पॅरिसच्या मिठाईच्या दुकानांत

परदेशच्या प्रवासवर्णनांत राजवाडे, चित्रशाळा आणि पूल यांस जेवढी जागा मिळते, तिच्या शतांशहि मिठाईच्या दुकानांस मिळत नाहीं. वास्तविक एखाद्या शहरांतील लोकांची रीतभात पाहावयाची असेल, तर जेथें ते स्वखुषीनें रांगेंत उभे राहतात अशा ठिकाणीं अर्धा तास घालवावा. पॅरिसांत असें ठिकाण म्हणजे ‘पातिसरी’, अर्थात् भट्टींत भाजलेल्या गोड पदार्थांचें दुकान.

ह्या दुकानांची परंपरा जुनी आहे. माँतोर्गय रस्त्यावरील ‘स्तोरेर’ हें दुकान १७३० सालीं निघालें. आपल्या पुण्यांत शनिवारवाड्याचा पाया घातला गेला तेंच हें वर्ष. त्याचा संस्थापक निकोला स्तोरेर हा पोलंडचा पदच्युत राजा स्तानिस्लास याच्या पदरचा मिठाईवाला. राजकन्या मारी हिचा १७२५ सालीं पंधराव्या लुईशीं विवाह झाला, तेव्हां तिच्याबरोबर तो व्हर्सायला आला. वाडा १८२८ सालीं जळाला. दुकान मात्र अद्याप चालू आहे.

आम्ही गेलों तें दुकान निराळें, परंतु थाट तोच. संगमरवरी फरशी, कांचेच्या कपाटांत दागिने मांडावे तसे मांडलेले पदार्थ, आणि प्रत्येकाच्या पायथ्याशीं सुवाच्य अक्षरांत नांव व किंमत. आंत शिरणाऱ्यानें प्रथम ‘बाँझूर’ म्हणून अभिवादन करावयाचें, मग मागणी सांगावयाची, अशी तेथील रीत. आमच्या पुढील एक गृहस्थ एकदम बोट दाखवून भाव विचारूं लागले. दुकानांतील बाईंनीं हंसतमुखानें ‘बाँझूर’ म्हटलें व त्यांच्या तोंडून तो शब्द निघेपर्यंत त्या स्वस्थ उभ्या राहिल्या!

किंमती ऐकून आमच्या आत्याबाईंनीं कपाळाला हात लावला. परंतु त्या किंमतींत मालापेक्षां मेहनतच अधिक असते. ‘मिलफय’ म्हणजे ‘सहस्रपत्र’. मैद्याच्या पारींत लोणी गुंडाळून ती लाटावयाची, तिची त्रिघडी घालावयाची, थंडाव्यांत विसावूं द्यावयाची. असें सहा वेळां केलें म्हणजे लोण्याचे ७२९ थर होतात. दिवाळींत चिरोट्यांना साटा लावून ज्यांचे हात दुखले आहेत, त्या भगिनींना ह्या कामाचें मोल सांगावयास नको.

खरी अडचण पुढेंच होती. आत्याबाईंनीं सत्तर वर्षांत अंड्याला स्पर्श केलेला नाहीं. आदल्या दिवशीं दुसऱ्या एका दुकानांत ‘शाकाहारी आहे’ एवढ्याच आश्वासनावर पेटी घेतली होती; घरीं वेष्टनावरील यादी वाचतां तींत अंडें निघालें. तिकडे मांस व मासे वर्ज्य करणें एवढाच शाकाहाराचा अर्थ!

म्हणून आमच्या मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्यें ह्या बाईंना सर्व खुलासा केला. मागें रांग वाढत होती. तरी त्यांनीं एकेक पदार्थ दाखवून सांगितलें. माकारोंमध्यें अंड्याचा पांढरा बलक; एक्लेरच्या कणकेंतच अंडें; मिलफयचे थर निर्दोष, पण मधल्या मलईंत पिवळा बलक; क्रोआसाँवर तकाकीसाठीं फिरवलेला अंड्याचा हात. एका फळांच्या केकविषयीं शंका आली, तेव्हां त्या स्वतः भटारखान्यांत जाऊन विचारून आल्या व म्हणाल्या, “अंडें नाहीं, पण जिलेटिन आहे, आणि तें जनावरांपासून काढतात.” उरलें पाल्मिये, त्यांत मैदा, लोणी, मीठ व साखर यांपलीकडे कांहीं नाहीं. परंतु तेंहि इतरांच्याच पत्र्यांवर भाजतात, हें त्यांनीं न विचारतां सांगितलें.

शेवटीं जर्दाळूच्या रसाच्या, साखर व पेक्टिन घालून केलेल्या चार वड्या घेतल्या. त्या चार वड्याहि मोठ्या केकच्याच इतमामानें पेटींत घालून वर फीत बांधून मिळाल्या.

युरोपीय संघाच्या २०११ सालच्या नियमान्वये, डिसेंबर २०१४ पासून, सुट्या खाद्यपदार्थांतहि अंडें, दूध इत्यादि चौदा घटकांची माहिती देणें दुकानदारावर बंधनकारक आहे. परंतु तो नियम ज्यांस एखादें अन्न बाधतें त्यांच्यासाठीं, व्रतस्थांसाठीं नव्हे. डुकराच्या वा गाईच्या जिलेटिनचें नांव त्या चौदांत नाहीं. अर्थात् बाईंनीं तें सांगितलें, तें कायद्याच्या धाकानें नव्हे.

तिकडे जाणाऱ्या वाचकांनीं एवढें ध्यानांत ठेवावें: ‘शाकाहारी’ ह्या शब्दावर विसंबूं नये; अंडें, जिलेटिन आणि मद्य हीं तीन नांवें वेगवेगळीं विचारावीं. ‘बाबा’ नांवाचा केक तर रममध्येंच भिजवितात.

बाहेर आल्यावर आत्याबाई म्हणाल्या, “पोरीनें स्वतःची विक्री घालवली, पण माझा नेम राखला.” उंची दुकानाची उंची अशा वागणुकीवरून मोजावी, असें आम्हांस वाटतें.