दादा बोटीने येतो

आबांना मॉर्फीन सुरू झालं ते २०१७ च्या फेब्रुवारीत. प्रोस्टेटचा कॅन्सर कंबरेच्या हाडांत उतरला होता आणि साध्या गोळ्यांनी भागेनासं झालं होतं. मुंबईच्या डॉक्टरांनी लिहून दिलं : दहा मिलिग्रॅमची गोळी दर चार तासांनी, आणि रात्री दहाला एकदम दोन, म्हणजे मधे उठवायला नको.

रत्नागिरीत चार दुकानं फिरलो, मिळाली नाही. एका दुकानदाराने चिठ्ठी वाचून माझ्याकडे असं पाहिलं की मीच ओशाळलो. शेवटी दर पंधरा दिवसांनी भाचा कोकणकन्येने गोळ्या घेऊन यायचा. गंमत बघा, आपल्या देशात मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यावर अफू पिकते, नीमच आणि गाझीपूरला तिचे सरकारी कारखाने आहेत, आणि आमच्या आबांची गोळी मात्र रात्रभर रेल्वेने प्रवास करून येणार! १९८५ च्या कायद्याने इतके परवाने मागितले की कित्येक दवाखान्यांनी मॉर्फीन ठेवणंच सोडून दिलं होतं. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन संस्थेला एकच परवाना पुरेसा झाला खरा, पण कायदा बदलला म्हणून फडताळात गोळी येतेच असं नाही. असो.

पहिले पंधरा दिवस सोन्यासारखे गेले. आबा कुशीवर वळू लागले, भात खाऊ लागले. मग एका सकाळी चहा पिताना सहज म्हणाले, "रात्री दादा आला होता."

दादा म्हणजे माझे थोरले काका. मुंबईला गिरणीत होते, १९९१ साली गेले. आबांच्या लहानपणी दादा शिमग्याला भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावातून मांडवी बंदराला उतरायची. स्वप्नात तेच. आबा धक्क्यावर उभे आहेत, पडाव येतोय, दादा ट्रंकेवर बसून हात हलवतायत, पडाव अगदी जवळ येतो आणि लागत नाही. परत मागे जातो, परत येतो. रात्रभर.

पुढे पुढे दुपारच्या डुलकीतही पडाव येऊ लागला. डोळे अर्धवट उघडे, हात हवेत, दोर पकडायला जावा तसा. मधेच अंगाला झटका बसायचा. मी हाक मारली की क्षणभर मला ओळखायचे नाहीत, मग हसायचे. मला ते हसणं बघवत नसे.

आईने निकाल देऊन टाकला, "भावजी न्यायला आलेत." भैरीला नारळ ठेवून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. मी चिडलो. पण एक गोष्ट तिला माझ्याआधी दिसली होती, ती म्हणजे दोन गोळ्यांनंतर पडाव हमखास येतो. त्यात मी मूर्खासारखा बोलून गेलो की मॉर्फीन अफूपासूनच काढतात. झालं! अफू म्हटल्यावर तिला बाळगोळी आठवली. पूर्वी कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची गोळी चाटवून निजवत, त्यातली काही पोरं पुन्हा उठत नसत, हे तिने तिच्या आजीकडून ऐकलेलं.

तिने मला न सांगता गोळ्या बंद केल्या आणि त्याऐवजी तापाची पांढरी गोळी देऊ लागली. दुसऱ्या दिवशी आबांना घाम सुटला, नाक वाहू लागलं, एकसारख्या जांभया, पोट बिघडलं. आणि रात्री ते ओरडले. त्यांना मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आई उठली, तांदळाचा डबा उघडला आणि दोन दिवसांच्या बारा गोळ्या माझ्यासमोर ठेवल्या. मी तिला काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

सकाळी डॉक्टरांना फोन केला. ते आईवर रागावले नाहीत. म्हणाले, आजींचं निरीक्षण बरोबर आहे, उपाय चुकला. हे औषध असं एकदम तोडायचं नसतं. आधी रक्त तपासायला सांगितलं. क्रिएटिनिन वाढलेलं निघालं. मोरीपर्यंत जायला दुखतं म्हणून आबा पाणीच पीत नव्हते, आणि बाहेर एप्रिल तापलेला. मॉर्फीनचं शरीरात जे रूपांतर होतं ते मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंड थकलं की ते साचतं. झटके, भास, भलती स्वप्नं त्यातून येतात. गोळी निम्मी झाली, आणि उशाशी पेज, शहाळं, पाण्याचा तांब्या आला.

त्या दिवसांत मी सापडेल ते वाचत होतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सेर्ट्युर्नर या जर्मन माणसाने अफूतून हे द्रव्य वेगळं काढलं आणि मॉर्फियस या ग्रीक स्वप्नदेवतेवरून त्याचं नाव ठेवलं. नाव चुकलंय असं म्हणवत नाही आणि बरोबर आहे असंही नाही. निरोगी माणसाला मॉर्फीन देऊन झोप मोजली तर गाढ झोप कमी झालेली दिसते, स्वप्नांची झोपही कमी होते, वाढते ती वरवरची झोप. माणूस जाग आणि झोप यांच्या उंबरठ्यावर घुटमळत राहतो, तिथे दिसलेलं खरं वाटतं आणि लक्षातही राहतं. डी क्विन्सी या इंग्रज लेखकाने १८२१ साली आपल्या अफूच्या व्यसनावर लिहिलं, त्यात एका रात्रीत कित्येक वर्षं जगल्यासारखं वाटण्याबद्दल आहे. आमचा पडावही सबंध रात्र चाले, आणि घड्याळात वीस मिनिटं झालेली असत.

आठवड्याभरात झटके थांबले. दुखणं थोडं परतलं, पण सोसण्याइतकं. पडाव यायचा बंद झाला. आई हलकी झाली.

आबा मात्र गप्प झाले. चार-पाच दिवसांनी रात्री मी गोळी हातावर ठेवली तर म्हणाले, "आज दोन दे."

"दुखतंय का?"

जरा थांबले. "दुखतंय म्हण."

मला कळलं, आणि त्यांनाही कळलं की मला कळलंय. मी एकच दिली. बरोबर केलं का, अजून सांगता येत नाही. मग दिवा बारीक करून खुर्ची खाटेजवळ ओढली आणि विचारलं, "आबा, दादांच्या ट्रंकेत असायचं काय?"

"ट्रंकेत? उघडली की आधी वास यायचा," ते म्हणाले. "साबणाचा. मग वरती आईसाठी गिरणीचं कापड. त्याखाली बिस्किटांचा पुडा, तो निम्मा फुटलेला असायचा. एकदा माझ्यासाठी बूट आणले होते, दोन्ही डाव्या पायाचे..."

"मग?"

"मग काय. तसेच घातले," आबा म्हणाले आणि डोळे मिटले.