उणे बाराशे कुणाचे?

उणेदुणे काढायला माणसेच लागतात असे थोडेच आहे? एक इवलीशी आडवी रेघसुद्धा ते काम चोख बजावते. रकमेच्या पुढ्यात बसणारे उणे चिन्ह आता बँकेच्या खात्यात, बिलात, मोबाइलवरच्या हिशेबात, सगळीकडे भेटते. आणि गंमत म्हणजे दर ठिकाणी त्याचा अर्थ सारखाच असतो असे नाही!

बचत खात्याच्या शिलकेआधी ते दिसले, तर आपण बँकेचे देणे लागतो. तेच क्रेडिट कार्डाच्या येणे रकमेआधी दिसले, तर उलट बँकच आपले देणे लागते. आपल्याकडून जास्त भरणा झालेला असतो. चिन्ह एकच, पण एकीकडे काळजी आणि दुसरीकडे निश्चिंती.

आमच्या बचत गटात या रेघेने केवढे रामायण घडवले म्हणून सांगू! गटाचा हिशेब आता वहीऐवजी एका मैत्रिणीच्या मुलाने करून दिलेल्या वेबपानावर असतो. प्रत्येकीचे नाव आणि त्यापुढे 'बाकी'. मुलगा हुशार. त्याने यंत्राला साधे गणित शिकवले: ठरलेल्या रकमेतून भरलेली रक्कम वजा करायची, उरेल ती बाकी.

गटातल्या एक काकू यात्रेला निघाल्या होत्या. महिना ₹६०० प्रमाणे तीन महिन्यांचे ₹१,८०० त्यांनी एकदम भरून टाकले. यंत्राने ६०० मधून १,८०० वजा केले आणि काकूंच्या नावापुढे लाल अक्षरांत झळकले: −₹१,२००.

झाले! "काकूंचे बाराशे थकलेत म्हणे, आणि निघाल्या यात्रेला!" कुजबुज त्यांच्या सुनेच्या कानापर्यंत गेली. जिने सगळ्यांच्या आधी पैसे भरले, तिच्यावरच थकबाकीचा डाग! परत आल्यावर काकू दोन सभांना फिरकल्याच नाहीत. पावती घेऊन का घरोघर हिंडायचे त्यांनी? बाईमाणसाची पत जमायला वर्षे लागतात, जायला एक रेघ पुरते.

आपल्या जुन्या चोपडीत हा घोळ नव्हता. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे. कुणाकडून येणे, कुणाला देणे, सगळे शब्दांत. ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात अशा संख्यांचे नियम सांगितले, तेही 'धन' आणि 'ऋण' हेच शब्द वापरून. शाळेत आपण तेच शिकलो. ऋण म्हणजे कर्ज. पण कुणाचे कुणावर, हे बिचाऱ्या रेघेला कुठे सांगता येते? त्यात 'बाकी' हा शब्दही दुतोंडी. कधी शिल्लक, कधी थकबाकी!

मुलाने मग नाना प्रकार करून पाहिले. कंपन्यांच्या ताळेबंदात घालतात तशी रक्कम कंसात घातली, (₹१,२००), तर एकीने विचारले, "ही रद्द केली का रे?" नुसता लाल रंग ठेवला, तर काळ्या शाईच्या छपाईत लाल-काळे सगळे एक झाले. शिवाय ज्यांना रंगांतला फरक कळत नाही, त्यांनी काय करायचे? कुणाच्या लहान मोबाइलवर रेघ वरच्या ओळीत राहिली आणि रक्कम खाली उतरली. म्हणजे उणे पाहता पाहता अधिक!

शेवटी त्याने शब्द घातले. "तुमचे आगाऊ जमा: ₹१,२००." "तुमच्याकडून येणे: ₹६००." ज्यांचे काहीच नाही, तिथे "हिशेब पूर्ण". उणे चिन्ह राहिले ते पडद्याआड, यंत्राच्या गणितात. पुढच्या सभेत काकूंना मुद्दाम बोलावून आणले आणि सगळ्यांचे आकडे मोठ्याने वाचले. काकू काही बोलल्या नाहीत, फक्त पदर सावरून जरा पुढे सरकून बसल्या.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या भिशीसाठी किंवा मंडळासाठी मुले असे काही करून देत असतील, तर आधी बजावा, की येणे-देणे शब्दांत लिहा. चिन्ह ठेवायचेच तर ते ₹ च्या आधी, आणि ओळ मोडली तरी रकमेपासून सुटणार नाही असे. रंग सोबतीला असू द्या, पण नुसत्या रंगावर विसंबू नका. मजकूर वाचून दाखवणारी यंत्रे कधीकधी ही रेघ गाळूनच पुढे जातात, तेव्हा दृष्टी नसलेल्या बहिणीलाही शब्दांचाच आधार.

आणि एखाद्या बिलात उणे रक्कम दिसली, तर घाबरून लगेच पैसे भरू नका. आधी विचारा, "हे आमचे तुमच्याकडे, की तुमचे आमच्याकडे?" त्याचे उत्तर शब्दांत मिळेपर्यंत पर्स उघडायची नाही.