मेकलगिरीच्या शालवनांत

अमरकंटकास जाणारा महाराष्ट्रीय यात्रेकरू बहुधा नर्मदेच्या कुंडाचें दर्शन घेतो, कपिलधारेचा प्रपात पाहतो, माईच्या बगीच्यांत घटकाभर बसतो आणि परतीची गाडी गांठतो. ज्या वनांतून तो येतो व जातो, त्या वनाकडे त्याचें लक्ष क्वचितच जातें. वास्तविक त्या वनाचें व नर्मदेचें नातें फार निकटचें आहे. गंगा-यमुनांप्रमाणें नर्मदेस हिमाचा आधार नाहीं. पावसाळ्यांत पडलेलें पाणी मेकलपर्वतानें पोटांत धरावें आणि तें पुढें वर्षभर झिरपत राहावें, यावर तिचा उगम चालतो. आणि पर्वताच्या या धारणशक्तीस त्यावरील अरण्याचा मोठा आधार आहे. म्हणून त्या अरण्यावर वेळोवेळीं येणाऱ्या एका संकटाची हकीकत परिक्रमा करणाऱ्या व न करणाऱ्या दोघांनींही जाणून घेण्यासारखी आहे.

या अरण्याचा राजा शालवृक्ष होय. हिंदींत त्यास साल व तिकडील खेड्यांतून सरई म्हणतात. मराठींत झाडाच्या त्वचेसही सालच म्हणतात. तेव्हां घोटाळा टाळण्यासाठीं या लेखांत वृक्षास शाल व त्वचेस साल म्हटलें आहे. अमरकोशांत याला सर्ज, अश्वकर्ण अशीं नांवें आहेत. सर्जरस म्हणजे त्याची राळ. खोड सरळ व उंच, पान रुंद व चिवट. गोंड व बैगा लोक त्या पानांच्या पत्रावळी लावतात, काडीनें दांत घासतात आणि बिया वेंचून विकतात. एका वृक्षावर इतकीं घरें चालतात.

गेल्या मार्गशीर्षांत अमरकंटकाहून दिंडोरीकडे जातांना करंजियाच्या बाजूस कांहीं अंतर पायीं चालण्याचा योग आला. बरोबर वनखात्याचा एक वयस्क रक्षक होता. मी शेंडे पाहत चाललों होतों. तो म्हणाला, “मास्टरजी, झाडाचा आजार वर पाहून उशिरां कळतो. आधीं पायाशीं पाहावें.” त्यानें दाखविलेल्या एका थोराड शालाच्या बुंध्याशीं करवतीखालीं पडावा तसा भुशाचा ढीग साचला होता आणि खोडावर राळेचे ओघळ वाळून राहिले होते. शेंडा मात्र अद्याप निम्मा हिरवा होता.

हा भुसा पाडणारा प्राणी म्हणजे लांब मिशांचा, तपकिरी रंगाचा एक भुंगेरा. त्याची लांबी दोनपासून सहा सेंटिमीटरांपर्यंत असते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस झाला कीं हे भुंगेरे झाडांतून बाहेर पडतात. मादी सालीच्या भेगांत व जखमांत अंडीं घालते. अळी निघाली कीं प्रथम सालीखालचा मऊ भाग खाते, मग बाहेरचें लाकूड व शेवटीं गाभा पोखरीत आंत शिरते. हिवाळ्यापर्यंत ती माणसाच्या बोटाएवढी होते. मग गाभ्यांत कोठडी करून, तिचें तोंड चुन्यासारख्या झांकणानें बंद करून ती निजते. उन्हाळ्यांत तिचा भुंगेरा होतो व पुढील पावसाची वाट पाहत आंतच बसतो. असा हा एका वर्षाचा फेरा आहे.

सशक्त झाड या शत्रूस सहसा बळी पडत नाहीं. अळीनें साल कुरतडतांच त्या जागीं राळ धांवते व पुष्कळ अळ्या तींत बुडून मरतात. अवर्षणानें, वार्धक्यानें किंवा दाटीनें दुबळें झालेलें झाड, तसेंच वाऱ्यानें पडलेलें वा तोडून टाकलेलें लाकूड, हें भुंगेऱ्याचें खरें माहेर. तेथें त्याचा वंश वाढतो. आणि संख्या अतोनात वाढली म्हणजे हजारों अळ्यांपुढें निरोगी झाडाची राळही अपुरी पडते. मग सांथ येते.

अशा सांथी मंडल्याकडे पूर्वींही आल्या. १९२३ ते १९२८ या काळांत आली, आणि १९९४ ते १९९९ च्या सांथीनें तर लाखों शालवृक्ष वाळले. तिच्यावर जो उपाय योजतात तो मोठा मार्मिक आहे. शालाच्या ताज्या रसाच्या वासानें भुंगेरे दुरून धांवत येतात. म्हणून पावसाळ्याच्या आरंभीं एखादें झाड पाडून त्याचे ओंडके करतात व टोंकांची साल ठेंचून ठेवतात. रस पिऊन भुंगेरे सुस्त होतात. सकाळीं गांवकरी ते वेंचून मारतात आणि मोजदादीप्रमाणें मजुरी घेतात. रस आटूं लागला कीं ओंडका पुन्हां कापून ठेंचावयाचा. ज्या रसामुळें झाड शत्रूस सांपडतें, त्याच रसानें शत्रूस पकडावयाचें, असा हा न्याय आहे.

परंतु ज्या झाडांत अळ्या शिरल्याच आहेत त्यांचें काय करावें? येथें खरा पेंच आहे. शेंडा वाळलेला, पायाशीं भुशाचा ढीग, असें झाड वांचत नाहीं. तें पावसापूर्वीं तोडून वनाबाहेर नेलें नाहीं तर त्यांतून निघणारे भुंगेरे शेजारच्या झाडांवर जातात. उलट ज्याच्या खोडावर राळेचे चार ओघळ आहेत पण शेंडा हिरवागार आहे, तें झाड झुंजत आहे. पुष्कळदां तें जिंकतें. १९९४ नंतरच्या सांथींत झाडांची लक्षणांवरून प्रतवारी लावली गेली. तरीही जगण्याजोगीं झाडें कुऱ्हाडीखालीं जात आहेत, अशी ओरड झाली व प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें गेलें. मेलेलें झाड राखणें ही दया नव्हे आणि जगूं शकणारें झाड तोडणें ही दक्षता नव्हे. या दोहोंतील भेद करण्यास झाडापाशीं जाऊन खालीं वांकून पाहणारा माणूस लागतो; कचेरींत बसून तो कळत नाहीं.

हिमालयांत चिडाच्या वनांतही हाच नियम दिसतो. राळेसाठीं खोल घाव घातलेलीं, वणव्यानें होरपळलेलीं चिडाचीं झाडें तेथील सालभुंगेऱ्यांस लवकर वश होतात. सालींतून पडणारा तांबूस बारीक भुसा, राळेच्या गांठी आणि सालीखालीं कोरलेल्या आडव्या-उभ्या नळ्या हीं तेथील लक्षणें. झाड निराळें, किडा निराळा. पण आजार शिरतो तो जखमेवाटे व दुर्बलतेवाटेच.

तेव्हां खरा उपाय सांथीच्या आधींचा आहे. तोड हिवाळ्यांत करावी. तोडलेलें लाकूड मृगापूर्वीं वनाबाहेर न्यावें किंवा सोलून टाकावें. पावसाळ्यांत फांद्या छाटूं नयेत. दाटी वेळच्या वेळीं विरळ करावी. शिवाय निसर्गाचे रखवालदारही आहेत. सुतारपक्षी अळ्या टिपतात, आणि पाठीवर पडला असतां टिचकीसारखा आवाज करून उसळणाऱ्या एका भुंग्याची अळी तर या बोगद्यांत शिरून शत्रूच्या अळ्या फस्त करते. तेव्हां रखवालदारांच्या वस्तीसाठीं वन वनच राहूं द्यावें.

यात्रेकरूंच्या हातींही थोडें आहे. मुक्कामीं चूल पेटविण्यासाठीं हिरवी फांदी मोडूं नये, खोडावर नांव कोरूं नये, पेटता विस्तव मागें सोडूं नये. शालाची प्रत्येक जखम म्हणजे भुंगेऱ्यास धाडलेलें आमंत्रण होय. नर्मदेच्या कुंडांत फूल वाहण्याइतकाच हाही तिच्या सेवेचा भाग आहे. आणि त्यास पुरोहित लागत नाहीं.