मिनिटाला ५८

दिवाळीला चिखलीला घरी गेलो होतो. ताईचं आठ महिन्यांचं पिल्लू दोन दिवसांपासून खोकत होतं. आजी म्हणाली, "पोराले डबा झाला वाटते." श्वासाबरोबर लेकराचं पोट उडायला लागलं की आमच्याकडे त्याला डबा म्हणतात. म्हणजे न्यूमोनिया. पूर्वी यावर पोटाला डाग द्यायचे!

तो झोपल्यावर मी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला ५८. या वयात ५० किंवा त्याहून जास्त म्हणजे धोका, हे मला गडचिरोलीमुळे माहीत होतं. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथे गावातल्या माणसांना श्वास मोजायला आणि अँटिबायोटिक द्यायला शिकवलं. बालमृत्यू घटले. निकाल १९९० साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

पण एकाच सर्व्हरचा लॉग बघून आपण तरी निष्कर्ष काढतो का? २००३ मध्ये सझावल आणि ब्लॅक यांनी वेगवेगळ्या देशांतले असे प्रयोग एकत्र करून हिशोब मांडला, त्याला मेटा-अ‍ॅनालिसिस म्हणतात. पाच वर्षांखालच्या मुलांचे एकूण मृत्यू २४ टक्क्यांनी कमी. एक्स-रे नाही, मशीन नाही. मोजणं आणि वेळेवर औषध, बस्स.

पिल्लूला त्याच रात्री दवाखान्यात नेलं. आता माझा मोबाईल चघळतो :)

हे सगळं आजीला सांगितलं. तिचा पहिला मुलगा डब्यानेच गेला, हे मला तेव्हा कळलं. बराच वेळ ती गप्प होती. मग म्हणाली, "एवढंच मोजाचं होतं का रे?"