आधी माणसे, मग पोती

राजगुरुनगरात पुणे-नाशिक रस्त्यालगत भाड्याच्या खोल्यांची जी दाटी झाली आहे, तिथे पगार झाला की महिना सुरू होतो आणि वीस तारीख उलटली की आटू लागतो. चाकणच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणाऱ्याला खोलीभाडे, गाडीचा हप्ता, गावी धाडायचे पैसे आणि कधीही मिळू शकणारा ‘ब्रेक’ (कामातला बिनपगारी खंड) या सगळ्यांचा मेळ घालायचा असतो. अशा माणसाला ‘तू दे, देव पुरवील’ असे सांगणे निष्ठुरपणाचे वाटेल. तरी ख्रिस्ती श्रद्धेच्या गाभ्यात हेच सांगणे आहे. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेत मागणे रोजच्या भाकरीचे आहे, वर्षभराच्या साठ्याचे नाही. या शिकवणीला भाबडी म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे. ती हिशेब टाकून द्यायला सांगत नाही, हिशेबाचा क्रम बदलायला सांगते. आधी दाराशी आलेली माणसे मोजायची, मग घरातली पोती. पाच भाकरी आणि दोन माशांत येशूने जमावाला जेवू घातले, त्या गोष्टीतही सगळे जेवल्यावर उरलेले तुकडे काही वाया जाऊ नये म्हणून गोळा केले जातात, आणि त्या टोपल्या बारा भरल्या हे शिष्यांनी मोजूनच सांगितले आहे.

या क्रमाची खरी कसोटी पुणे जिल्ह्यातच लागली. राजगुरुनगरावरून वाहणारी भीमा पुढे दौंड तालुक्याची कड धरते, आणि त्या तालुक्यात केडगाव आहे. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंनी तिथे जमीन घेतली ती अगदी व्यवहारी विचाराने. १८८९ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शारदा सदनाला, म्हणजे विधवांसाठीच्या संस्थेला, अमेरिकेतल्या मंडळाने दहा वर्षांपुरते मदतीचे वचन दिले होते. ती मुदत सरल्यावर फळबागेच्या उत्पन्नावर संस्था चालावी, असा बेत होता. झाडे हाताशी येण्याआधीच १८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात जाऊन रमाबाईंनी सुमारे तीनशे मुली-बायका आणल्या. १८९८ मध्ये मदतीची मुदत संपली आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा दुष्काळ उभा राहिला, त्यात गुजरातेतूनही माणसे आली. १९०० पर्यंत केडगावच्या मुक्ती सदनातली वस्ती दीड हजारांच्या घरात गेली. ज्या बाईचे आईवडील तिच्या तरुणपणी दुष्काळातच गेले, तिला रिकाम्या पोटाचा अर्थ कुणी समजावण्याची गरज नव्हती. ब्रिस्टॉलमध्ये कुणाकडे पैसे न मागता अनाथाश्रम चालवणाऱ्या जॉर्ज म्युलर यांचे चरित्र तिने वाचले होते, आणि तसा विश्वास हिंदुस्थानात का टाकता येऊ नये, असा प्रश्न तिला पडला होता. पण तिच्या विश्वासाचे दिवसभराचे रूप पाहावे. विहिरी खोदल्या जात होत्या, शेती होती, गुरे होती, माग चालत होते, छापखाना चालत होता. चमत्काराची वाट पाहत बसलेली बाई विहीर खणायला घेत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, पैसा आकाशातून पडला नाही, तो परदेशी भाविकांच्या खिशातून आला. खरेच आहे. पण योहानाच्या शुभवर्तमानातल्या पाच भाकरीही एका मुलाच्या शिदोरीतल्याच होत्या. देव माणसांच्या हातूनच पुरवतो, हे श्रद्धेने कधी नाकारले नाही. या आक्षेपाची दुसरी बाजू मला अधिक जड वाटते. मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या वादातून १८९३ मध्येच रानडे आणि भांडारकर सदनाच्या सल्लागार मंडळातून बाहेर पडले होते. भुकेल्याला भाकरी देणाऱ्या हातानेच नवा धर्मही दिला, तर घेणाऱ्याची संमती किती मोकळी, हा प्रश्न अन्नदानाच्या पुण्याईने मिटत नाही. तो उभा ठेवूनही म्हणता येते की, त्या दुष्काळात आधी माणसे मोजणारे फार थोडे होते.

त्याहून अवघड आक्षेप घरातूनच येतो. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचे पगारी काम सोडून ख्रिस्ती संन्याशाचे जीवन पत्करले. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, आणि त्या मोठ्या मनाची ओढाताण कुणाच्या वाट्याला येई, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’त पानोपानी दिसते. ते पुस्तक प्रेमाने लिहिलेले आहे, म्हणून त्यातली साक्ष अधिक वजनदार आहे. दाराशी आलेला मोजताना चुलीपाशी बसलेली मोजायची राहिली, तर क्रम बदललेला नाही, फक्त एक माणूस गाळला गेला आहे. जे द्यायचे त्याची झळ आपण सोसायची. ती न विचारता दुसऱ्याच्या गळ्यात घातली, तर त्याला मी विश्वास म्हणणार नाही.

हेच माप व्यासपीठांनाही लावायला हवे. मंदिराच्या दानपेटीत आपल्या दोनच दमड्या टाकणाऱ्या विधवेची गोष्ट सांगून गरिबाकडून दान घेणारे आणि दुप्पट परत मिळण्याचे आमिष दाखवणारे उपदेशक आज पुष्कळ आहेत. मार्काच्या शुभवर्तमानात त्या गोष्टीच्या अगदी आधी येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कडाडून टीका करतो, हा भाग ते सहसा वाचत नाहीत. दोन्ही भाग सलग वाचले की, त्या बाईचे मन जितके मोठे दिसते, तितकाच तिच्याभोवतीच्या मंदिराचा दोष दिसतो. उलट पहिल्या ख्रिस्ती मंडळीत रोजच्या वाटपात काही विधवांकडे दुर्लक्ष होते अशी तक्रार आली, तेव्हा प्रेषितांनी त्या कामावर सात माणसे नेमली. कंत्राटी कामगार अडचणीतल्या सोबत्याला खोलीत जागा देतो, त्याच्या वाट्याची भाकरी थापतो, हे तो कुणी न सांगता करतच असतो. प्रश्न त्याच्याकडून कमाईचा दशांश दान म्हणून घेणाऱ्यांचा आहे. त्याला ब्रेक मिळेल त्या महिन्याचे खोलीभाडे त्यांनी आपल्या वहीत आजच मांडून ठेवले पाहिजे.