शेवटची पंगत

घरांत दोन्ही वेळां स्वयंपाक होत असतांना बाहेर जेवावयास कशाला जावें, हा प्रश्न ज्यांत कधींच निघाला नाहीं असें एकत्र कुटुंब आमच्या पाहण्यांत नाहीं. वडील माणसांना त्यांत उधळपट्टी दिसते, कोणाला बाहेरच्या तेलातुपाची शंका येते, आणि मुलांना या चर्चेनें भूक मात्र अधिक लागते. आमच्या नऊ माणसांच्या घरीं हा वाद घटकाभर चालतो. अखेर सर्व मंडळी चांगले कपडे करून निघतात आणि बहुधा लक्ष्मी रस्त्यावरील पूना गेस्ट हाऊसमध्यें जाऊन बसतात.

हें भोजनगृह आमच्या विशेष लोभाचें आहे. मूकपटांच्या काळांतील नामांकित दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनीं तें १९३५ सालीं काढलें. त्यामुळें नाटक-सिनेमांतल्या मंडळींचा तेथें मोठा राबता. पुण्यांत आतां झगमगीत उपाहारगृहांस तोटा नाहीं. त्यांतल्या कांहींच्या पदार्थांचीं नांवें नुसतीं वाचावयालाही बरोबर एखादें कॉलेजांतलें मूल न्यावें लागतें. येथें थालीपीठ मागितलें कीं थालीपीठच येतें.

"अगदीं घरच्यासारखें!" ही या जेवणाची सर्वांत मोठी स्तुति आम्ही वर्षानुवर्षें ऐकत आलों आहों. ती एकदां नीट तपासून पाहण्याजोगी आहे. पदार्थ घरचेच, चवही जवळजवळ घरचीच. मग घराहून येथें निराळें तें काय? आमच्या मतें एकच. येथें आमच्या काकू आमच्याबरोबर बसलेल्या असतात.

काकूंना या घरांत येऊन अडतीस वर्षें झालीं. पोळी तव्यावरून उतरली कीं तडक पानांत पडली पाहिजे, हा त्यांचा नेम. पण तें पान नेहमीं दुसऱ्याचें. पाहुणे, पुरुष आणि मुलें उठलीं म्हणजे मग काकू व घरांतल्या इतर स्त्रिया बसणार. पाट गेले, टेबल आलें; चूल गेली, गॅस आला; शेवटची पंगत मात्र आपल्या जागीं राहिली. असा नियम कोणीं केलेला नाहीं, आणि म्हणूनच तो मोडावयाचा कोणीं हें कोणास उमगत नाहीं.

गेल्या श्रावणांत तेथें काकूंच्या पुढ्यांत थालीपीठ आलें. वर लोण्याचा गोळा विरघळत होता. काकूंनीं संवयीप्रमाणें बशी काकांकडे सरकविली. काकांनीं ती घेतलीही असती; परंतु वाढणारा मुलगा हंसून म्हणाला, "काकू, हें तुमचं. त्यांचं येतंय मागून." काकूंनीं बशी परत ओढून घेतली, एक तुकडा मोडला, आणि थोड्या वेळानें म्हणाल्या, "कडेला असं कुरकुरीत लागतं होय!" ज्या हातांनीं आजवर हजारों थालीपिठें लावलीं त्यांच्या धनिणीचे हे उद्गार ऐकून टेबलाभोंवतीं कांहीं क्षण कोणीच बोललें नाहीं.

कोणीं कोणाबरोबर बसावें आणि कोणाच्या हातचें खावें, हा आपल्या समाजाचा फार जुना प्रश्न आहे. लक्ष्मी रस्त्यापासून फारसें दूर नसलेल्या पंचहौद मिशनमध्यें १८९० सालीं गोपाळराव जोशी यांच्या खटपटीनें शहरांतील प्रतिष्ठित मंडळी जमली व तिच्यापुढें चहा आला. तेवढ्यावरून ग्रामण्य माजलें, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि रानडे व टिळक यांच्यासारख्यांनाही पुढें प्रायश्चित्त घ्यावें लागलें. त्यानंतर साठ वर्षांनीं, २६ जानेवारी १९५० रोजीं, भारताची राज्यघटना अमलांत आली. तिच्या १५ व्या कलमांत सार्वजनिक उपाहारगृहांचा स्पष्ट उल्लेख आहे: केवळ धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांवरून तेथें कोणास मज्जाव करतां येणार नाहीं. ज्यांना पिढ्यान् पिढ्या उंबऱ्याबाहेर ठेवलें त्यांच्या झगड्याचें तें फळ होय. आज आमच्या शेजारच्या टेबलावर कोण बसलें आहे हें आम्ही विचारीत नाहीं, आणि आम्ही कोण हें तेहि विचारीत नाहींत.

परंतु घटनेचें हें कलम हॉटेलाच्या दारापर्यंत येऊन थांबतें. त्याला स्वयंपाकघराच्या दारांतून आंत नेण्याचें काम सरकारचें नव्हे. तें घरच्या माणसांचेंच. बाहेर जेवण्याला आम्ही चैन म्हणत नाहीं तें याचसाठीं. नऊ माणसें एकाच वेळीं, एकाच टेबलाशीं, सारखेंच ऊन अन्न जेवूं शकतात, हें तेथें प्रत्यक्ष दिसतें. आणि एकदां दिसलें म्हणजे घरीं तें अशक्य आहे असें म्हणावयास जीभ रेटत नाहीं.

म्हणून आम्हीं घरीं एक लहानसा प्रयोग सुरू केला आहे. रविवारीं रात्रीं सर्व पोळ्या आधींच करून डब्यांत ठेवावयाच्या, भांडीं टेबलाच्या मधोमध मांडावयाचीं, आणि नवांच्या नवांनीं एकदम बसावयाचें. ज्याला जें हवें तें त्यानें आपल्या हातानें घ्यावयाचें. पहिल्या रविवारीं काकू तीन वेळां उठल्या. गेल्या रविवारीं एकदांच, आणि तेंही मीठ आणावयास. हॉटेलांत जाणें आम्हीं सोडलेलें नाहीं. फरक इतकाच कीं, तेथें काय मागवावयाचें हें आतां प्रथम काकूंना विचारलें जातें, आणि त्याही तें ठरवावयाला चांगला वेळ घेतात.

आमच्या या रविवारच्या प्रयोगाविरुद्ध काकांची एक तक्रार आहे. डब्यांतल्या पोळीला तव्यावरच्या पोळीची चव नाहीं, असें ते म्हणतात. तें खरें आहे. काकूंना तें अडतीस वर्षांपासून ठाऊक आहे.