नाव कोनाचा हाय?

जानेवारी २०१८. संक्रांतीला दोन दिवस होते. एमआयडीसीतली रात्रपाळी संपवून नवी मुंबईतल्या शिरवण्यात घरी पोचलो, तर तळमजल्याच्या खोलीतून पंख्यांची घरघर जिन्यापर्यंत ऐकू येत होती. दार उघडताच अंगावर येणारी कोरडी ऊब, लोखंडी मांडणीवर ओळीनं लावलेली सहा ग्राफिक कार्डं, लुकलुकणारे दिवे. सगळं रोजच्यासारखं. वर जाऊन चहा घेता घेता मोबाइलवर माइनिंग पूलचं, म्हणजे अनेकांच्या मशीनचं काम एकत्र करणाऱ्या सेवेचं, पान उघडलं. माझा हॅशरेट, म्हणजे मशीनच्या कामाचा वेग, शून्य. रात्री दोनपासून शून्य.

आधी वाटलं, इंटरनेट गेलं असेल. पण भाडेकरूंच्या पोरांचं यूट्यूब मजेत चालू होतं. खाली येऊन मशीनला स्क्रीन जोडली. ओळींमागून ओळी धावत होत्या, काम पूलकडे जात होतं, स्वीकारलंही जात होतं. मशीन थांबलेलं नव्हतं. फक्त वर लिहिलेला वॉलेटचा पत्ता माझा नव्हता.

माइनिंगमधली चोरी अशी असते हे मला तोवर माहीत नव्हतं. इथर हे आभासी चलन मिळवण्यासाठी तेव्हा, म्हणजे २०२२ पर्यंत, तुमचं मशीन गणितं सोडवायचं आणि केलेलं काम पूलला पाठवायचं. त्या कामासोबत जो पत्ता जायचा, पैसे त्याच पत्त्यावर जमा व्हायचे. मशीन कोणाचं, वीज कोणाची, हे पूल विचारत नसे. त्यामुळे चोराला मशीन उचलून न्यावं लागत नसे. एक ओळ बदलली की काम झालं. इथर तेव्हा हजार डॉलरच्या वर गेलेला, आणि कार्डांसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते माझ्या पगारातून जात होते.

मी तसाच जमिनीवर बसून होतो. आबा दारात आले. माझे आजोबा तेव्हा ऐंशीच्या पुढचे. "काय झाला रं?" मी जमेल तसं सांगितलं. मशीन आपलं, लाइटबिल आपलं, पण कमाई दुसऱ्याच्या नावावर चाललीय. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हंजे सातबाऱ्यावर दुसऱ्याचा नाव चढला."

या एका वाक्यात त्यांनी जे ओळखलं, ते मला पुढे चार रात्री वाचून कळलं. आमच्या घरात सातबारा हा कागद नुसता कागद नाही. १९७० साली सिडको आली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. जमिनीच्या योग्य भावासाठी जानेवारी १९८४ मध्ये उरण भागात पोलिसांचा गोळीबार झेलून पाच जण गेले. शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या त्या लढ्याची आठवण आबा कधीही काढतात. उरलेल्या तुकड्याचा उतारा ते दरवर्षी तलाठ्याकडून काढून आणायचे आणि ओटीवर बसून अक्षर न् अक्षर वाचायचे. शेत जागेवर आहे, भात डोलतोय, एवढ्यानं त्यांचं समाधान होत नसे. नाव कोणाचं आहे, ते आधी बघायचं.

मी मशीन बघत होतो, नाव बघत नव्हतो.

चूक कुठे झाली ते शोधायला वेळ लागला नाही. कामावरून मशीनचं तापमान बघता यावं म्हणून मीच राउटरमध्ये ३३३३ क्रमांकाचं पोर्ट बाहेरच्या जगासाठी उघडून ठेवलं होतं. माइनिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरून देखरेख करायची सोय त्याच पोर्टवर होती. तिथून नुसतं तापमान दिसत नसे, फाइल बदलता यायची आणि मशीन पुन्हा सुरूही करता यायचं. पासवर्ड लावायची सोय होती, मी तो लावला नव्हता. पोर्टच्या आकड्याआधी नुसतं उणे चिन्ह घातलं असतं, तरी बाहेरच्याला फक्त वाचता आलं असतं. एका चिन्हाचं काम होतं.

१७ जानेवारीला क्विहू ३६० या चिनी कंपनीच्या नेटलॅबनं जाहीर केलं की सातोरी नावाच्या बॉटनेटचा, म्हणजे कब्जा केलेल्या यंत्रांच्या जाळ्याचा, नवा अवतार ८ तारखेपासून जगभर हेच पोर्ट धुंडाळत फिरतोय आणि माइनरचे पत्ते बदलतोय. पद्धत तीच, दिवसही तेच. कोणी माझ्या पाळतीवर नव्हतं. एक प्रोग्राम गल्लीतल्या प्रत्येक दाराची कडी हलवून बघत गेला आणि माझं दार उघडं निघालं. आदल्या वर्षी, जून २०१७ मध्ये, नॉटपेट्या या व्हायरसनं जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल बंद पाडलं होतं. ते बंदर इथून खाडीपलीकडेच. तेव्हा ती मोठ्यांची दुखणी वाटली होती.

पहिलं काम केलं ते नेटची केबल उपटायचं. पत्ता नुसता दुरुस्त करून भागत नाही, आत आलेला आणखी काय ठेवून गेला असेल सांगता येत नाही. डिस्क पुसली, सगळं नव्यानं टाकलं. राउटरवरचं उघडं पोर्ट बंद केलं. केबलवाल्यानं लावून दिलेला, आख्ख्या आळीत एकच असलेला पासवर्ड बदलला. मशीनला वेगळा राउटर दिला, म्हणजे भाडेकरूंच्या मोबाइलमधून आलेलं काही तिथवर पोचणार नाही. दुरून बघायचं तर व्हीपीएनमधूनच. वॉलेटचे परवलीचे शब्द कागदावर लिहून आईच्या लोखंडी कपाटात ठेवले.

मग खोलीकडे बघितलं, आणि तिथेही तेच. मीटर त्याच खोलीत, म्हणून फ्यूज गेला की कोणीही आत यायचं. किल्ली खिळ्याला टांगलेली. आमच्या गावठाणात भिंतीला भिंत लागून घरं आणि वर माणुसकी, कोणाला नाही कसं म्हणणार? मीटर बाहेर घ्यायचा अर्ज दिला, कुलूप बदललं, किल्ल्या दोनच ठेवल्या. मला सगळ्यात जास्त भीती आगीची होती. पुढे चीनमध्ये अँटमायनर यंत्रांवर खंडणीचा व्हायरस आला. दहा बिटकॉइन द्या, नाहीतर पंखे बंद करून यंत्र जाळू, अशी त्याची धमकी. ते वाचताना डोळ्यांपुढे खोलीवरचा मजला आला. तिथे तेव्हा चार बिऱ्हाडं झोपत होती.

पोलिसांत मी गेलो नाही, आणि ते चुकलं. दुसऱ्याच्या संगणकात असं शिरणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली गुन्हा आहे. गेलेलं परत आलं नसतं, पण नोंद राहिली असती.

आबांनी आपलं काम स्वतःच ठरवून घेतलं. "मना दाखव, नाव कसा वाचाचा." इथरच्या पत्त्यात सुरुवातीचं शून्य-एक्स सोडलं तर चाळीस चिन्हं असतात, आणि ती सोळाच प्रकारची. दहा अंक आणि इंग्रजी ए ते एफ. अंक त्यांना येतच होते. सहा अक्षरं ते दोन दिवसांत शिकले. मी चार-चारचे दहा चवके करून पत्ता खडूनं भिंतीवर मोठा लिहिला. टोकाची चार-चार अक्षरं जुळणारा खोटा पत्ता बनवता येतो, म्हणून सगळेच चवके जुळवायचे, हेही सांगितलं. रोज पहाटे ते स्टूल घेऊन खोलीत जायचे, एक बोट स्क्रीनवर, नजर भिंतीवर.

मार्चमध्ये एका सकाळी कामावर त्यांचा फोन आला. "चवथा चवका जुलत नाय." सुपरवायझरला सांगून मी तसाच निघालो, रिक्षात हात थरथरत होते. खोलीत आबा स्टुलावर बसलेले, नेटची केबल उपटून हातात धरलेली.

स्क्रीनवर बी होता. भिंतीवरचा माझा धाकटा बी इंग्रजी सहासारखा दिसत होता. पावसाळी ओलीनं पोपडे धरलेल्या त्या भिंतीवर खडूची वरची रेघ वाकली होती. इतके दिवस ते त्याला बीच समजून वाचत होते, त्या दिवशी त्यांना शंका आली. मी तो चवका पुसला आणि आबांनी सांगितलं तसा, बीचा दांडा सरळ ताठ काढून, पुन्हा लिहिला. मग त्यांनी पहिल्यापासून दहाही चवके जुळवले आणि केबल माझ्या हातात दिली.